सोळाशेच्या पुढे
(एका क्रीडाशिक्षकाच्या रोजनिशीतील पाने. तालुका अंबड, जिल्हा जालना)

१५ ऑगस्ट २०१६

सकाळी झेंडावंदन, प्रभातफेरी, पोरांना गोळ्या-बिस्किटं. संध्याकाळी पावणेआठला घरच्या टीव्हीपुढे गल्लीतली दहा-बारा पोरं आणून बसवली. रिओ ऑलिंपिक, महिलांची ३००० मीटर स्टीपलचेस, अंतिम फेरी. त्यात आपली ललिता बाबर. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. माण म्हणजे आपल्यासारखाच, ढगाकडे बघत जगणारा मुलूख.

दहावी आली. ९ मिनिटे २२.७४ सेकंद. पोरं हिरमुसून उठायला लागली. त्यांना पुन्हा खाली बसवलं आणि सांगितलं की ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारताची बाई ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत याआधी दिसली ती १९८४ साली, पी. टी. उषा. मधे बत्तीस वर्षं गेली. तुमच्या आया तेव्हा जन्मल्या असतील-नसतील.

मग स्टीपलचेस म्हणजे काय ते खडूने फरशीवर काढून दाखवलं. साडेसात फेऱ्या. अठ्ठावीस अडथळे, शिवाय सात वेळा पाण्याची उडी. हर्डलला पाय लागला तर हर्डल पडतं. इथला वासा जागचा हलत नाही, पाय लागला तर माणूसच पडतो. पाण्याच्या खड्ड्याचं ऐकून एक पोरगा म्हणाला, "सर, पाणी कशाला वाया घालायलेत?" उन्हाळाभर हंडा घेऊन टँकरमागं पळालेलं पोर आहे ते. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१२ फेब्रुवारी २०१७

पहाटे पाचला जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या सडकेवर धुकं होतं. पंधरा-वीस पोरं आली होती. आमच्या भागात "पळायला जातो" याचा एकच अर्थ, भरतीची तयारी. आणि भरती म्हणजे सोळाशे मीटर. फौजेला सोळाशे, पोलिसाला सोळाशे. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही गावाबाहेर पहाटे जा, अंधारात पावलं वाजत असतात आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा.

मैदान दोनशे मीटरचंच आहे, म्हणून सडकेवर खुणा केल्या आहेत. गेल्या वर्षी सायकलच्या चाकाच्या काडीला लाल चिंधी बांधली. चाकाचा घेर मोजला, २ मीटर २० सेंटिमीटर भरला. १८२ फेरे म्हणजे ४०० मीटर. तेवढ्या-तेवढ्या अंतरावर कडेच्या दगडांना चुना फासला. चार टप्पे झाले की सोळाशे.

आज बारावीतल्या एका पोराने सोळाशेला ४ मिनिटे ३४ सेकंद घेतले. मी घड्याळ दोनदा पाहिलं. खाली मुरूम, पायात कॅनव्हासचे बूट, डाव्या अंगठ्याशी फाटलेले, आणि तयारी तीन महिन्यांची. फौजेत पहिल्या गटाला साडेपाच मिनिटं लागतात. याच्याकडे जवळजवळ मिनिटभर शिल्लक. पाठीवर थाप मारून म्हणालो, "झालं, वर्दी अंगावर आली म्हण." पोरगं खूश झालं. रात्री त्याचे वडील येऊन पेढे देऊन गेले, भरती व्हायच्या आधीच.

३० सप्टेंबर २०१८

पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी. भुवनेश्वरच्या राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत अविनाश साबळे याने ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ८ मिनिटे २९.८० सेकंद. जुना विक्रम राजस्थानच्या गोपाळ सैनी यांचा, ८:३०.८८, सन १९८१. त्याच वर्षी १ मे रोजी आपला जालना जिल्हा झाला. म्हणजे जिल्ह्याचं जेवढं वय, तेवढं त्या विक्रमाचं.

मुलगा आष्टीचा आहे म्हटल्यावर पोरांत गलका झाला. "सर, आपली आष्टी का?" आपली आष्टी परतूर तालुक्यातली. ही बीड जिल्ह्यातली, आणि त्या तालुक्यातलं मांडवा हे गाव. तरी काय बिघडलं? शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हाच लागतो. माती तीच, बोली तीच, पोटासाठी वीटभट्टी आणि ऊसतोड तीच.

त्याच्याविषयी जे मिळालं ते उतरवून ठेवतो. जन्म १३ सप्टेंबर १९९४. आई-वडील मजुरी करणारे. शाळा सहा किलोमीटरवर, बस नाही, म्हणून पळत जाणं-येणं. बारावी झाल्यावर फौजेत, ५ महार. सियाचीनची बर्फाची नोकरी, मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. २०१५ मध्ये फौजेच्या क्रॉसकंट्रीत उतरला, तिथून अमरीश कुमार या फौजेतल्याच प्रशिक्षकांनी त्याला स्टीपलचेसला लावलं. ज्या शर्यतीत आज तो देशात पहिला आहे, ती विशीपर्यंत त्याने पळलेलीच नव्हती.

हे वाचल्यापासून मन लागत नाही. तोही सोळाशे पळूनच फौजेत गेला असणार, आमच्या पोरांसारखा. पुढे कुणाची तरी नजर पडली म्हणून हे घडलं. नजर पडली नसती तर?

माझा ४:३४ वाला पोरगा पोलीस झाला आहे. दुपारी त्याला फोन केला, पळतोस का विचारलं. म्हणाला, "आता कशाला सर? झालं ना." हे "झालं" त्याने माझ्याच तोंडून घेतलेलं आहे. कालव्यावर मीच म्हणालो होतो. पंधराशे मीटरची शर्यत नावाची एक गोष्ट असते, जिल्ह्याला असते, राज्याला असते, आशियाला असते, हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर २०१९

मत्स्योदरीच्या यात्रेची गर्दी. सकाळची शाळा आटोपून पोरांना घेऊन देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर गेलो. चढताना पळायचं, उतरताना चालायचं. येणाऱ्या बायका म्हणत होत्या, नवस फेडायलेत काय.

काल रात्री दोह्याला जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. साबळे तेरावा, पण वेळ ८:२१.३७. मंगळवारी हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, दुसऱ्यांच्या पायात पाय अडकून त्याची गती दोनदा मोडली, तरी ८:२५.२३. भारताने तक्रार केली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. चार दिवसांत दोनदा राष्ट्रीय विक्रम, आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रता. भुवनेश्वरपासून मोजलं तर एका वर्षात आठ सेकंद. ज्याने एक-एक सेकंदासाठी कालवा तुडवला आहे त्यालाच आठ सेकंदांची किंमत कळेल.

३० जुलै २०२१

कोरोनाने बंद पडलेल्या शाळा नुकत्याच सुरू झाल्यात, त्याही फक्त वरचे वर्ग. तोंडाला फडकं बांधून पळता येत नाही.

टोकियो. साबळे हीटमध्ये सातवा, ८:१८.१२, पुन्हा विक्रम. अंतिम फेरी हुकली. ज्यांची हुकली त्या सगळ्यांत त्याचीच वेळ सर्वांत चांगली.

१९ जुलै २०२२

आज शाळेला दहा मिनिटं उशीर झाला. सकाळी आठच्या आत ओरेगॉनमधली जागतिक अंतिम फेरी होती आणि मी मोबाइलवरून नजर काढू शकलो नाही.

साबळे अकरावा. ८:३१.७५. जिंकला मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली, ८:२५.१३. आता हे नीट लिहून काढायला हवं, कारण माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातलं एक मोठं चुकलेलं गणित इथं दिसतं. जूनमध्ये रबातला साबळेने ८:१२.४८ काढले होते. आज जगज्जेत्याला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा साडेबारा सेकंद कमी. मे महिन्यात अमेरिकेत त्याने ५००० मीटरचा बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रमही मोडला होता, १३:२५.६५. घड्याळ सगळं त्याच्या बाजूने. आणि तरी अकरावा.

कारण आज कुणी घड्याळाशी पळतच नव्हतं. सुरुवातीच्या फेऱ्या सगळे मिळून सावकाश पळाले. एकमेकांच्या खांद्याला खांदा, कोण कुठे आहे यावर डोळा. आणि शेवटाला वासे ओलांडत अशी धूम ठोकली की ज्याच्या पायात तो झटका राखून ठेवलेला होता तो पुढे गेला. मध्यम पल्ल्याच्या पळण्याची सगळी विद्या यातच आहे. कधी मागे राहायचं, कुणाच्या मागे राहायचं, आतल्या कडेला कोंडलं जायचं नाही, बाहेरून गेलं तर किती मीटर जास्त पडतात, शेवटची घंटा वाजायच्या आधी जागा कशी धरायची.

आणि आम्ही काय शिकवतो? पहिला दगड नव्वद सेकंदांत ओलांडू नको, पंच्याहत्तरमध्ये ओलांड. दुसरा, तिसरा, चौथा. पलीकडे कोण पळतंय ते पाहू नको. भरतीसाठी ते बरोबरच आहे, तिथे शेजारी पळणारा आपला कुणी नाही, साडेपाचच्या आत आलं की दोघंही पास. पण त्याला शर्यत म्हणत नाहीत. शहरातल्या पोराला निदान शालेय स्पर्धेत आठ-दहा शर्यती मिळतात. आमच्या पोराला सोळाशेचा सराव पाचशे वेळा होतो, शर्यत एकदाही होत नाही.

म्हणून आजपासून मंगळवार आणि गुरुवार घड्याळ खिशात. झुंडीने पळायचं. चौथ्या दगडापर्यंत कोण पुढे आलं एवढंच पाहायचं. वेळ कुणाला सांगणार नाही.

संध्याकाळी लगेच करून पाहिलं. भरतीची पोरं बुचकळ्यात पडली. सगळे एकमेकांकडे बघत पळत होते आणि शेवटच्या दीडशे मीटरला सातवीतली एक मुलगी बाहेरच्या अंगाने निघून तिघांच्या पुढे गेली. अनवाणी. मी तिला पाणी आणून द्यायला म्हणून तिथे उभी केलेली होती, ती आपल्या मनाने पळाली.

६ ऑगस्ट २०२२

दुपारी सव्वाचारच्या पुढे. बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धा. शनिवार असल्याने शाळा सकाळची होती, तरी वीस-बावीस पोरं थांबली. एका मोबाइलभोवती.

या शर्यतीत १९९८पासून २०१८पर्यंत सहा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या आणि सहाही वेळा सुवर्ण, रौप्य, कांस्य तिन्ही केनियाचे. अठराच्या अठरा पदकं. आजही केनियाचे तिघे होते, त्यांत रिओचा ऑलिंपिक विजेता कॉन्सेस्लस किप्रुटो. साबळे पहिल्यापासून त्यांच्याबरोबर. पोरांना मी सांगत होतो, बघा, तो वेळ बघत नाहीये, पाठी बघतोय. तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेत जे हुकलं, ते या पोराने तीन आठवड्यांत पुन्हा मांडलं. शेवटच्या सरळ भागात अब्राहम किबिवोट पुढे आणि साबळे मागून येतोय, येतोय. रेषेवर दोघं एकदमच आल्यासारखे वाटले.

किबिवोट ८:११.१५. साबळे ८:११.२०. रौप्य. तिसरा केनियाचा एमोस सेरेम पाच सेकंदांहून मागे.

पोरं नाचत होती. मी वर्गात जाऊन फळ्यावर भागाकार केला. ३००० मीटर, ४९१.२ सेकंद, म्हणजे सेकंदाला सहा मीटरच्या थोडं वर. त्याला ०.०५ ने गुणलं. ३० सेंटिमीटर. दप्तरातली फूटपट्टी मागितली, ती जमिनीवर ठेवली आणि म्हणालो, एवढं. तीन किलोमीटर पळून, पस्तीस वेळा उडी मारून एवढं. सगळे गप्प झाले. एकेक पोरगा येऊन पट्टीच्या एका टोकाला टाच आणि दुसऱ्या टोकाकडे बोटं करून पाऊल ठेवून बघत होता. सातवीतल्या त्या मुलीचं पाऊल पट्टीपेक्षा बरंच आखूड भरलं. तिने पट्टी उचलून परत दिली आणि विचारलं, "सर, आपल्याकडे वासा करता येईल का?"

करता येईल. पत्र्याचे दोन रिकामे ड्रम आणि वर जुन्या घराचा सागवानी वासा. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर, मुलींचा ७६.२. ड्रम थोडे जमिनीत पुरले की बसतं.

२० ऑगस्ट २०२३

पावसाचा पत्ता नाही. कपाशी माना टाकून उभी आहे, मोसंबीवाले आतापासून टँकरचा भाव विचारू लागलेत. २०१२-१३ ला बागा तोडून सरपण केलेली माणसं आहेत ही, त्यांची भीती खोटी नाही.

काल बुडापेस्टला साबळे हीटमध्येच बाहेर. सातवा, ८:२२.२४. यंदापासून वेळेवर पुढे घेणं बंद, हीटमधले पहिले पाच तेवढेच अंतिम फेरीत. म्हणजे जगानेही घड्याळ खिशात टाकलं. गेल्याच महिन्यात पोलंडमध्ये त्याने ८:११.६३ काढून पॅरिसची पात्रता मिळवली आहे. दुःख आहे, पण तो पुन्हा मांडेल.

५ ऑक्टोबर २०२३

रविवारी, १ तारखेला, हांगझोला एशियन गेम्सचं सुवर्ण. ८:१९.५०, स्पर्धेचा विक्रम. या शर्यतीत भारताच्या पुरुषाला मिळालेलं पहिलं सुवर्ण. सुरुवातीलाच पुढे झाला आणि कुणाला वाट पाहायलाच लावली नाही. शेवटी मागे वळून बघतो तर मागे माणूसच नाही. काल ५००० मीटरला रौप्य, १३:२१.०९. ज्या दिवशी माणसांशी पळायचं त्या दिवशी माणसांशी, ज्या दिवशी एकट्याने पळायचं त्या दिवशी एकट्याने. दोन्ही यायला लागतं.

आनंदाचं एवढंच. खरं लिहायचं ते दुसरंच आहे. ती मुलगी आता आठवीत आहे. तिच्या आई-वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली आहे, दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याला जाणार. मागच्या हंगामात ती बरोबर गेली होती. मार्चमध्ये परत आली तेव्हा पायाला उसाच्या पाचटाचे चरे आणि वजन चार किलोने कमी. सहा महिने पळणं सुटलं की पुढचे चार महिने होतं तिथवर यायलाच जातात. असं दर वर्षी झालं तर कुणीही धावपटू होत नाही, कितीही गुण असले तरी.

काल संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वडील ओसरीवर कोयत्याला धार लावत होते. मी म्हणालो, पोरीला आजीजवळ ठेवा, जेवणाचं शाळेकडून बघतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, धाकट्याला कोण सांभाळंल तिकडं?" या प्रश्नावर माझं तोंड बंद झालं. आजीच आतून म्हणाली, "दोघंबी ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी. मी हाये अजून."

८ ऑगस्ट २०२४

रात्री सव्वाला पॅरिसची अंतिम फेरी. बाहेर पाऊस. झोपलोच नाही.

७ जुलैला पॅरिसमध्येच डायमंड लीगला त्याने ८:०९.९१ काढले तेव्हापासून मनात होतं. सोमवारी हीटमध्ये पाचवा येऊन तो अंतिम फेरीत गेला. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीच्या अंतिम फेरीत जाणारा भारताचा पहिला पुरुष. रिओत ललिता, पॅरिसात अविनाश. दोघंही मराठी मुलखाच्या कोरड्या तालुक्यांतले.

अकरावा, ८:१४.१८. अल बक्काली सुवर्ण, ८:०६.०५. बर्मिंगहॅमला फूटपट्टीभर पुढे होता तो किबिवोट तिसरा, ८:०६.४७. इथिओपियाचा लामेचा गिर्मा, ज्याच्या नावावर ७:५२.११ चा जागतिक विक्रम आहे, तो शेवटच्या फेरीत वाशाला अडखळून पडला आणि उठलाच नाही, स्ट्रेचरवरून नेला. वासा हलत नाही म्हणून मी पोरांना सांगतो ते हे.

आठ सेकंदांचं अंतर कशाने भरून निघेल? मला वाटतं ते कोलोराडोत जाऊन, उंचावर राहून एका साबळेकडून जेवढं भरायचं तेवढं भरलं आहे. उरलेलं भरायला त्याच्या खांद्याला खांदा लावून पळणारे आणखी पाच-सहा साबळे देशात लागतील. केनियाचा पोरगा घरच्या निवड चाचणीतच अशी शर्यत पळतो की तिच्यापुढे जगाची शर्यत सोपी वाटावी. आपला देशात पळतो तेव्हा पहिल्या फेरीनंतर एकटाच असतो.

२४ नोव्हेंबर २०२४

विभागीय शालेय स्पर्धा. सतरा वर्षांखालील मुली, १५०० मीटर. चौदाखाली ६०० च्या पुढे शर्यतच नसते, त्यामुळे आमच्या त्या मुलीची पंधराशेची ही पहिलीच मोठी शर्यत. तालुक्याला पहिली, जिल्ह्याला पहिली.

दुसऱ्या फेरीत ती आत कोंडली गेली. पुढे एक, बाजूला एक, मागे एक. मी कुंपणाशी उभा राहून ओरडत होतो, बाहेर निघ, बाहेर निघ. ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिने जे केलं ते मी शिकवलेलं नव्हतं: वेग किंचित कमी केला, मागचीला पुढे जाऊ दिलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून बाहेर पडली. पण तोवर दोघी दहा मीटर पुढे होत्या. तिसरी आली. ५ मिनिटे २ सेकंद. राज्याला जाता आलं नाही.

येताना एसटीत गप्प होती. अंबडच्या अलीकडे विचारलं, "सर, मी वेग कमी केला ते चुकलं का?" म्हणालो, नाही, उशिरा केलास. त्यावर खिडकीबाहेर बघत बोटांवर फेऱ्या मोजत बसली.

१५ सप्टेंबर २०२५

मे महिन्यात कोरियात गुमीला साबळेने आशियाई सुवर्ण घेतलं, ८:२०.९२. या शर्यतीत भारताला ते छत्तीस वर्षांनी मिळालं. १९८९ साली दीनाराम यांनी घेतलं होतं. आणि ११ जुलैला मोनॅकोत पाण्याच्या उडीशी पडला. गुडघ्याचा स्नायुबंध आणि गादी दोन्ही फाटलं. शस्त्रक्रिया. एकतीस वर्षांच्या धावपटूच्या गुडघ्याला काय म्हणावं लागतं ते मी जाणतो, आणि तरी मला तो परत ट्रॅकवर दिसतो. सियाचीनमधून ट्रॅकवर आलेला माणूस आहे.

आज टोकियोत जागतिक अंतिम फेरी त्याच्यावाचून झाली. न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश जिंकला. हीटमध्ये हा खाली पडला होता, तोंडावर दुसऱ्याचा बूट पडला होता. आज शेवटच्या काही पावलांत त्याने अल बक्कालीला गाठलं. विजेत्याची वेळ ८:३३.८८. मी जुनं पान उघडून पाहिलं. भुवनेश्वर, सप्टेंबर २०१८, ८:२९.८०. सात वर्षांपूर्वी आपल्या पोराने ओडिशात काढलेली वेळ आजच्या जगज्जेत्याहून चार सेकंदांनी चांगली होती. उद्या परिपाठानंतर हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहायचे, आणि पोरांना विचारायचं, आता सांगा, शर्यत कशाची असते?

१६ नोव्हेंबर २०२५

सप्टेंबरअखेरच्या पुराने गोदाकाठची शेतं धुऊन नेली. जायकवाडीतून पाणी सुटलं तेव्हा शाळेच्या पायरीपर्यंत आलं होतं. ड्रम वाहून गेले, वासा एका बाभळीला अडकलेला सापडला. कालव्याची सडक दोन ठिकाणी खचली आहे, अंधारात तिथे पोरं पळवणं धोक्याचं आहे.

ग्रामपंचायतीने गायरानाचा वरचा तुकडा दिला. आज सकाळी तिथे ४०० मीटरची एक लेन आखली. विहिरीचा नायलॉनचा दोर साडेछत्तीस मीटरवर गाठ मारून घेतला, एका टोकाला पहार रोवली आणि दुसऱ्या टोकाला फक्की धरून अर्धवर्तुळ काढलं. मग दोन्ही सरळ भाग, ८४ मीटर ३९ सेंटिमीटर. आठ लेन करायला जागाही नाही आणि गरजही नाही. एकीवर सगळे पळतील, त्यातच ढकलाढकली शिकतील.

दोर धरायला कोण होतं? तो ४:३४ वाला. रजेवर आला आहे, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, पोट सुटलेलं, हातात चांगलं घड्याळ. आखून झाल्यावर त्याला म्हणालो, पोरीच्या बाजूला पळ, तिला आत कोंड. त्याने बूट घट्ट बांधले. दोन फेऱ्या त्याने तिला आतून निघू दिलं नाही. तिसऱ्या फेरीच्या वळणावर तिने वेग कमी केला, लवकर केला, तो पुढे सरकला आणि ती त्याच्या मागून बाहेर. शेवटच्या सरळ भागात तो आठ-नऊ मीटर मागे पडला आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. श्वास सापडल्यावर म्हणाला, "सर, हे मला का नाही शिकवलं?" मी त्याला सांगितलं की मला येत नव्हतं.

तो रजा संपेपर्यंत रोज येणार आहे.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर उद्या लिहायचा मजकूर :

गायरानात ४०० मीटरचा ट्रॅक आखला आहे. त्यावरून ट्रॅक्टर आणि गुरं नेऊ नयेत. पहाटे साडेपाचला पळायला कुणीही यावं, भरतीला जायचं असो वा नसो. मुलींना अवश्य पाठवावं. दर रविवारी शर्यत होईल. चुन्याची एक गोणी अजून कमी आहे, ज्यांना देता येईल त्यांनी शाळेत आणून द्यावी.